फ्री म्हणजे मोफत की मुक्त? : शाळेच्या बॅकअपच्या निमित्ताने



मागच्या शिक्षण परिषदेत चहाच्या सुट्टीत आमच्यात एक वाद रंगला. प्रश्न साधाच होता. शाळेच्या कॉम्प्युटरचा बॅकअप घ्यायला कोणतं ‘फ्री’ सॉफ्टवेअर चांगलं?

एक ज्येष्ठ सर म्हणाले, “त्यात काय विचारायचं? गुगल ड्राइव्ह आहे की. पंधरा जीबी फ्री.” शेजारच्या शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, “मी तर नेटवरून फ्री बॅकअप सॉफ्टवेअर उतरवून घेतलंय. दर शुक्रवारी आपोआप चालतं.” नुकतेच रुजू झालेले एक शिक्षण सेवक मध्येच म्हणाले, “मॅडम, ते फ्री नाहीच. ज्याचा कोड खुला नाही ते फ्री कसलं?” आणि त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचे एक पालक तिथंच उभे होते, ते हसून म्हणाले, “माझ्याकडे चांगलं विकतचं सॉफ्टवेअर आहे, पण क्रॅक मारलेलं. म्हणजे तेही फ्रीच की!”

बघा, शब्द एकच, अर्थ चार. प्रत्येकाला वाटत होतं की समोरच्याला कळत नाहीये. मी मात्र गप्प होतो. कारण याच एका शब्दाने माझं असं नुकसान केलंय, की ते आता कोणतंही सॉफ्टवेअर भरून देऊ शकत नाही. तेव्हा जे बोलायचं राहिलं, ते आज सविस्तर लिहितो.

आमच्या शाळेत काय झालं

मी राहायला बारामतीत आणि शाळा इंदापूर तालुक्यात. जिल्हा परिषदेची, दोनशिक्षकी. २०२३ सालचा शेवट आपल्या सगळ्यांना आठवत असेल. कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभर शाळाशाळांतली जुनी जनरल रजिस्टरं कपाटातून बाहेर निघाली. आमचंही निघालं. पानं हात लावला की कोपऱ्यातून तुटत होती. कडेला वाळवी लागली होती. काही नोंदी मोडीत होत्या. तेव्हा मनात आलं, की हे रजिस्टर पुढं कितीदा उघडावं लागेल सांगता येत नाही, एकदा नीट स्कॅन करून ठेवू. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघा शिक्षकांनी पान न् पान स्कॅन केलं.

त्याच कॉम्प्युटरवर माझा आणखी एक ठेवा होता. या शाळेत आल्यापासून मी दर जूनला आणि दर मार्चला प्रत्येक मुलाचं एक मिनिटाचं वाचन व्हिडिओत घेऊन ठेवायचो. पहिलीत ‘क’ला काना जोडताना अडखळणारं पोरगं चौथीत आख्खा धडा घडाघडा वाचतं, हे त्याला स्वतःला दाखवायचं आणि चौथीच्या निरोप समारंभात आई-वडिलांना दाखवायचं. माझ्या नोकरीत मला कशाचा अभिमान असेल तर त्या क्लिपांचा.

या सगळ्याचा बॅकअप मी एका ‘फ्री’ सॉफ्टवेअरने बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेत होतो. दर शुक्रवारी हिरवी खूण यायची. मी निवांत.

पुढच्या पावसाळ्यात वीज अशी वरखाली झाली की कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. नवीन डिस्क टाकली, तेच सॉफ्टवेअर परत टाकलं, बाहेरची डिस्क जोडली. फाइलींची नावं सगळी दिसली. जीव भांड्यात पडला. ‘परत आणा’ असं बटण होतं ते दाबलं, तर चौकट आली: ही सोय विकतच्या आवृत्तीत आहे.

म्हणजे ठेवणं फ्री, परत मागणं विकत! डिस्क माझी, फाइली माझ्या, पण त्या एका अशा डब्यात कोंडल्या होत्या की तो डबा दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरने उघडत नव्हता. किंमत डॉलरमध्ये. शाळा अनुदानातून हे कोणत्या हेडखाली दाखवायचं? शेवटी एका मित्राच्या कार्डवरून पैसे भरले. रजिस्टर परत मिळालं. वाचनाच्या क्लिपा मात्र मिळाल्या नाहीत. फ्री आवृत्ती ठरावीक आकारापेक्षा मोठ्या फाइली घेतच नव्हती. तसं बारीक अक्षरात कुठंतरी लिहिलेलं होतं. यादीत नाव दाखवायचं, पण आत फाइल नाही. आणि हिरवी खूण मात्र दर शुक्रवारी!

पुढे एक आई शाळेत आली. मुलगी पाचवीला बारामतीच्या शाळेत गेलेली. म्हणाली, “सर, तिचा पहिलीतला तो वाचनाचा व्हिडिओ द्या की, तिच्या आजीला दाखवायचाय.” माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

चूक त्या कंपनीची किती आणि माझी किती? माझीही आहे, ती मी मान्य करतो. मी कधी एकदाही परत आणून बघितलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ‘फ्री’ हा शब्द दिसला की मी थांबतो आणि विचारतो, कोणत्या अर्थाने फ्री?

मराठीत दोन शब्द आहेत, ते वापरू या

इंग्रजीची अडचण अशी की तिथे ‘पैसे न लागणारं’ आणि ‘बंधन नसलेलं’ या दोन्हींना ‘फ्री’ म्हणतात. आपल्याकडे तशी अडचणच नाही. आपल्याकडे ‘मोफत’ वेगळं आणि ‘मुक्त’ वेगळं. आपणच आपले दोन चांगले शब्द बाजूला ठेवले आणि एक गोंधळाचा शब्द उसना घेतला.

हा फरक जगापुढे ठामपणे मांडला तो अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी. १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केलं. त्यांच्या मते सॉफ्टवेअर मुक्त म्हणायचं तर वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्यं हवीत: कोणत्याही कामासाठी ते चालवण्याचं, ते आतून कसं चालतं हे बघून हवं तसं बदलण्याचं, दुसऱ्याला त्याची प्रत देण्याचं आणि आपण सुधारलेली प्रतही वाटण्याचं. यात किंमतीचा उल्लेखच नाही. मुक्त सॉफ्टवेअर विकताही येतं.

आपल्या भागातल्या पालकांना हे समजावताना मी ज्वारीचं उदाहरण देतो. घरची मालदांडी असते. ती पेरता येते, कणसं पारखून चांगलं बी निवडता येतं, शेजाऱ्याला पायलीभर देता येतं आणि आपण निवडून सुधारलेलं बी पाहुण्यांच्या गावाला पाठवता येतं. हीच चार स्वातंत्र्यं झाली. आता एखाद्या कंपनीने हायब्रीडचं पाकीट मोफत दिलं. यंदा पेरलं, पीकही आलं. पण पुढच्या वर्षी तेच बी घरचं म्हणून ठेवता येत नाही, परत दुकानात जावं लागतं. पहिल्या वर्षाचा खर्च शून्य होता, म्हणून ते बियाणं ‘आपलं’ झालं का? घरचं बियाणं राखण्याचा, वापरण्याचा आणि देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्क आपल्या देशाने २००१ च्या कायद्यात लिहून ठेवला, तो याच कारणाने. शेतकऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही. मोबाईल हातात आला की आपण तो विसरतो.

शिक्षकांसाठी आपल्या रोजच्या कामातलंच उदाहरण घेऊ. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, फार मोठी सोय आहे. पण हक्क मंडळाकडे राखीव आहेत, पुस्तकातला भाग परवानगीशिवाय छापता येत नाही. म्हणजे मोफत, पण मुक्त नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तिथला लेख तुम्ही श्रेय देऊन आणि तिथल्याच अटींवर वापरू शकता, बदलू शकता, वाटू शकता. तो मोफतही आणि मुक्तही. मुंबईच्या एक टाइप या गटाने देवनागरीसाठी एक सुंदर फॉन्ट केला आणि खुल्या परवान्यावर दिला, त्याचं नावच ‘मुक्त’. आणि आपण जी दीक्षा वापरतो, ती ज्या ‘सनबर्ड’ नावाच्या पायावर उभी आहे, त्याचा कोडही खुला आहे. म्हणजे मुक्त ही परदेशी, आपल्या आवाक्याबाहेरची गोष्ट नाही.

मोफत कधी संपेल, हे देणारा ठरवतो

आमचे ज्येष्ठ सर म्हणतात तसं गुगल ड्राइव्ह वापरायला हरकत नाही. मीही वापरतो. पण थोडा इतिहास लक्षात ठेवावा.

गुगल फोटोजने २०१५ मध्ये थोड्या कमी दर्जाचे पण अमर्याद फोटो मोफत ठेवायला दिले. १ जून २०२१ पासून नवीन फोटो त्याच पंधरा जीबीमध्ये मोजायला सुरुवात झाली, ज्यात आपला मेलही बसतो आणि ड्राइव्हही. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप काही वर्षं त्या पंधरा जीबीत धरत नव्हते. २०२४ पासून तोही धरू लागले. फ्लिकरने २०१३ मध्ये प्रत्येकाला एक टीबी जागा मोफत दिली होती. २०१८ मध्ये जाहीर केलं की मोफत खात्यात फक्त एक हजार फोटो. मॅक्रियम रिफ्लेक्ट हे पूर्ण डिस्कचा बॅकअप घेणारं लोकप्रिय सॉफ्टवेअर. त्याच्या मोफत आवृत्तीची साथ जानेवारी २०२४ मध्ये संपली.

यात कुणी फसवलं असं मी म्हणत नाही. त्यांनी आधी कळवलं, मुदत दिली. कंपनीला जागेचा, विजेचा, माणसांचा खर्च असतोच. माझा मुद्दा एवढाच, की निर्णय त्यांचा होता. आपण फक्त कळवल्या जाणाऱ्यांत होतो.

इंदापूरच्या उजनी काठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. धरणाचं पाणी चढलं तेव्हा पळसदेवसारख्या गावांना वर सरकावं लागलं. जुनं पळसनाथाचं मंदिर पाण्यात राहिलं, पाणी खूप उतरलं की दिसतं. लोकांनी जे वेळेत उचललं ते वाचलं. बॅकअपचंही तसंच आहे. हलायची वेळ कोणती हे आपल्या हातात नसतं, पण उचलता येईल अशा रूपात सामान ठेवणं आपल्या हातात असतं.

जाणकारांतही एकमत नाही

आता त्या तरुण शिक्षकाच्या मुद्द्याकडे येतो: “कोड खुला नाही ते फ्री नाही.” तत्त्व म्हणून त्याचं बरोबर आहे. पण जाणकार मंडळींतही इथे वाद आहेत आणि ते समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला वाद नावाचा. १९९८ मध्ये काही मंडळींनी ‘ओपन सोर्स’ हा शब्द पुढे आणला आणि त्यासाठी संस्था काढली. त्यांचं म्हणणं असं की स्वातंत्र्य वगैरे मोठे शब्द ऐकून कंपन्या बिचकतात, त्यापेक्षा खुल्या पद्धतीने सॉफ्टवेअर चांगलं बनतं असं सांगू या. स्टॉलमन यांना हे आजही पटत नाही. ते म्हणतात, प्रश्न चांगल्या-वाईट सॉफ्टवेअरचा नसून वापरणाऱ्याच्या हक्काचा आहे. गंमत म्हणजे दोघांनी मान्य केलेले परवाने बहुतेक तेच आहेत.

दुसरा वाद जास्त खरा आहे, आणि तो थेट बॅकअपचाच आहे. डुप्लिकेसी नावाचं एक बॅकअप सॉफ्टवेअर आहे. त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. कमांड देऊन चालवायची त्याची आवृत्ती वैयक्तिक वापराला मोफत आहे, व्यावसायिक वापराला परवाना विकत घ्यावा लागतो. मग हे मुक्त का? ओपन सोर्सच्या व्याख्येप्रमाणे नाही, कारण त्या व्याख्येत अमुक कामासाठी वापरा आणि तमुकसाठी नको असा भेद चालत नाही. आता तुम्हीच सांगा, जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे ‘वैयक्तिक’ की ‘व्यावसायिक’? ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ हे शब्द असंख्य सॉफ्टवेअरवर असतात आणि आपण शाळेच्या कॉम्प्युटरवर ती बिनधास्त टाकतो. तिथेच पहिली अडचण आहे.

पण याच डुप्लिकेसीची दुसरी बाजूही बघा. त्यांचा परवाना लागतो तो बॅकअप घेण्यासाठी. ठेवलेलं परत आणण्यासाठी परवाना लागत नाही. माझ्या बाबतीत घडलं त्याच्या बरोबर उलट! म्हणजे व्याख्येत न बसणारं सॉफ्टवेअरसुद्धा एका बाबतीत प्रामाणिक असू शकतं, आणि ‘फ्री’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं सॉफ्टवेअर तुमच्याच फाइली ओलीस ठेवू शकतं.

म्हणून माझं मत असं आहे: बॅकअप फ्री आहे की नाही हे ठेवताना नव्हे, परत मागताना ठरतं. ज्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडलाय, इंटरनेट नाहीये, कंपनी उरली नाहीये किंवा तिने धोरण बदललंय, त्या दिवशी कुणाचीही परवानगी न घेता, पैसे न भरता माझी फाइल मला उघडता आली तर तो बॅकअप मुक्त. बाकीचं मोफत असेल, स्वस्त असेल, सोयीचं असेल, पण मुक्त नाही.

आणि याच कसोटीवर खुल्या कोडवाल्यांचं पारडं जड होतं, हेही मान्य करायला हवं. उदाहरण देतो. ‘ॲटिक’ नावाचं एक मुक्त बॅकअप सॉफ्टवेअर होतं. त्यात सुधारणा पटापट घेतल्या जात नाहीत असं काही जणांना वाटलं. २०१५ मध्ये त्यांनी तोच कोड घेऊन ‘बोर्ग’ नावाने वेगळी चूल मांडली. आज बोर्ग जगभर वापरलं जातं. विचार करा, हा मतभेद एखाद्या बंद सॉफ्टवेअरच्या कंपनीत झाला असता तर वापरणाऱ्यांच्या हातात काय होतं? इथं भांडण झालं तरी कोड सगळ्यांचा राहिला. भाऊ वेगळे झाले, पण विहीर सामाईक राहिली.

क्रॅक मारलेल्या सॉफ्टवेअरबद्दल मात्र चर्चा नको. ते मोफतही नाही आणि मुक्तही नाही. ते चोरीचं आहे, त्यात व्हायरस असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ज्या कॉम्प्युटरवर मुलांची माहिती आहे तिथं ते नकोच.

मुक्त म्हणजे बिनकष्टाचं नव्हे

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हा लेख प्रचार होईल.

मुक्त सॉफ्टवेअर कुणीतरी आपला वेळ खर्चून चालवत असतं. तो माणूस थकतो. ‘सिंकथिंग’ हे दोन यंत्रांतल्या फाइली जुळवून ठेवणारं चांगलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याचं अँड्रॉइडवरचं अधिकृत ॲप २०२४ च्या अखेरीस थांबलं. कोड खुला असल्याने दुसऱ्यांनी चालवलेली आवृत्ती मिळते, पण ते शोधायला माहितगार माणूस लागतो. यातल्या अनेक सॉफ्टवेअरना चित्रांची बटणं नसतात, काळ्या पडद्यावर इंग्रजी कमांड टाकावी लागते. ‘रेस्टिक’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकअप कुलूपबंद असतो. पासवर्ड हरवला तर मदत करायला कुणी ग्राहक सेवा केंद्र नाही. फाइली गेल्या म्हणजे गेल्या.

आमचे ज्येष्ठ सर म्हणाले होते, “तुमचं मुक्त शिकेपर्यंत माझा बॅकअप घेऊन झालेला असेल.” या बोलण्यात तथ्य आहे. न घेतलेल्या मुक्त बॅकअपपेक्षा घेतलेला मोफत बॅकअप केव्हाही बरा. दोनशिक्षकी शाळेत वर्ग सांभाळायचे, पोषण आहार बघायचा, माहिती भरायची, त्यात काळा पडदा कोण शिकणार?

पण यावर एक उत्तर आपल्या देशातच आहे. केरळमध्ये २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला, आता ते काम ‘काइट’ ही संस्था बघते. तिथल्या सरकारी शाळा मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतात आणि शिक्षकांना तेच शिकवलं जातं. प्रत्येक शिक्षक तज्ज्ञ झाला असं नाही, पण शिकवणारं आणि अडलं तर विचारायचं ठिकाण निर्माण झालं. आपल्या केंद्र सरकारचंही २०१५ पासून सरकारी कामात ओपन सोर्स स्वीकारण्याचं धोरण आहे. मग आपल्या तालुक्यात, केंद्रात हे का होऊ नये? निदान प्रत्येक केंद्रात एक शिक्षक असा तयार व्हावा, ज्याला मुक्त साधनाने बॅकअप घेता येतो आणि परत आणता येतो. बारामतीत इंजिनिअरिंगची, कॉम्प्युटरची शिकणारी एवढी मुलं आहेत. त्यांतली दोन जणं एका शनिवारी केंद्रशाळेत आली तरी काम होईल.

आता मी काय करतो

उपदेश नको, माझी पद्धत सांगतो. पटली तर घ्या.

१. तीन प्रती. एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या इमारतीत. जगभर ‘तीन-दोन-एक’ म्हणतात तोच नियम: तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत दुसऱ्या जागी. आमची तिसरी प्रत मुख्याध्यापकांच्या संमतीने केंद्रशाळेच्या कपाटात असते.

२. त्यातली एक प्रत साधी. कोणत्याही सॉफ्टवेअरच्या डब्यात न घातलेली. नेहमीच्या फोल्डरमध्ये नेहमीच्या फाइली, कॉपी आणि पेस्ट. कुणीही, कोणत्याही कॉम्प्युटरवर उघडाव्यात. जिथं ही प्रत असते ते कपाट मात्र कुलपात.

३. दुसरी प्रत मुक्त सॉफ्टवेअरने. मी रेस्टिक शिकलो. दोन रविवार गेले. त्याचा कोड खुला आहे आणि फाइली कशा साठवल्या जातात हेही लिहून जाहीर केलेलं आहे, म्हणजे उद्या ते बंद पडलं तरी कुणीतरी उघडू शकेल. पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून मुख्याध्यापकांकडे.

४. फाइलीही उघड्या प्रकारच्या. आपल्याकडे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका अजून असतील. उघडून बघा, फॉन्ट नसेल तर अक्षरांऐवजी नुसती चिन्हं दिसतात. फाइल जिवंत, मजकूर मेलेला! म्हणून नवीन सगळं युनिकोडमध्ये आणि महत्त्वाचं पीडीएफमध्येही.

५. सत्रातून एकदा परत आणून बघणे. आपण मुलांची चाचणी घेतो तशी बॅकअपची चाचणी. प्रथम सत्र संपताना एक आणि द्वितीय सत्र संपताना एक. पाच फाइली निवडायच्या, त्यांत एक मोठा व्हिडिओ हवाच, आणि त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायच्या. हिरव्या खुणेवर विश्वास नाही.

६. मुलांची माहिती वैयक्तिक खात्यावर नाही. जनरल रजिस्टरात जन्मतारीख असते, जात असते, पत्ता असतो. ते माझ्या स्वतःच्या मोफत ड्राइव्हवर ठेवणं मला आता योग्य वाटत नाही. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही आला आहे आणि त्यात लहान मुलांच्या माहितीचा वेगळा विचार केला आहे. मोफत जागा मिळते म्हणून दुसऱ्याच्या लेकरांची माहिती तिथं नेऊन टाकण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

पालकांसाठी दोन शब्द

तुमच्या मोबाईलमध्ये मुलांच्या वाढदिवसाचे, गॅदरिंगचे, पहिल्या दिवशी शाळेत रडतानाचे फोटो आहेत. ‘ते वर कुठंतरी सेव्ह होतात’ एवढंच आपल्याला माहीत असतं. आज रात्री तीन प्रश्न स्वतःला विचारा. हे फोटो नेमके कुठं आहेत? तो ईमेल आणि पासवर्ड माझ्याकडे आहे, की मोबाईलच्या दुकानदाराने उघडून दिलेल्या खात्यावर चाललंय? आणि उद्या ती सोय बंद झाली तर माझ्या हातात एक तरी प्रत आहे का? उत्तर ‘नाही’ आलं तर वर्षातून एकदा, दिवाळीत घर आवरताना, फोटो एका पेनड्राइव्हवर किंवा डिस्कवर साधे कॉपी करून ठेवा. आणि अगदी जवळचे दहा-वीस फोटो छापून घ्या. कागदाला कोणता परवाना लागत नाही.

शेवटी

आमच्या शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावरून दरवर्षी तुकोबारायांची पालखी जाते. बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर. मुलं रस्त्याच्या कडेला उभी राहून वारकऱ्यांना पाणी देतात. परंपरा सांगते, गाथा इंद्रायणीत बुडवली गेली, पण अभंग लोकांच्या तोंडी होते, आणि संताजी जगनाड्यांसारख्यांनी ते लिहून ठेवले. ते अभंग म्हणायला, लिहून घ्यायला, दुसऱ्याला शिकवायला कुणाची परवानगी लागत नव्हती, म्हणून ते राहिले. मला वाटतं, जपून ठेवण्याचा हा आपल्याकडचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात सोपा धडा आहे.

या जूनमध्ये मी पहिलीच्या मुलांचं वाचन पुन्हा नव्याने रेकॉर्ड करायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी त्या क्लिपा तीन ठिकाणी ठेवल्या आणि एक परत आणून उघडून बघितली. आवाज नीट ऐकू आला. मग शाळेला कुलूप लावलं आणि घरी निघालो.

तुमच्या शाळेतही पुढच्या परिषदेच्या आधी एकदा एवढंच करून बघा. बॅकअपमधली एक फाइल परत मागा. ती मुकाट्याने हातात आली तर उत्तम. तिने पैसे मागितले, पासवर्ड मागितला किंवा ती आलीच नाही, तर ‘फ्री’चा अर्थ तुम्हाला माझ्यापेक्षा स्वस्तात कळला असं समजा.